घरचं रसम: फेस आला की गॅस बंद

सांगली-मिरजेकडच्या घरांत आमटीचा हात पक्का बसलेला असतो आणि रसम बिघडतं ते बहुतेक त्याच हाताने. डाळ एकजीव घोटायची, मसाला सढळ घालायचा, खळखळून उकळू द्यायची, वर तवंग आला की उतरवायची, ही आमटीची रीत. रसमला यातलं काहीच चालत नाही. डाळीचं फक्त पाणी घ्यायचं, मसाला भरड ठेवायचा आणि डाळीचं पाणी पडल्यावर पुन्हा उकळी येऊ द्यायची नाही. ही तीन पथ्यं पाळली की साध्या घरगुती सामानातही रसम उत्तम होतं. एक जरी मोडलं तरी वाटीत येते ती पातळ, आंबट आमटी, आणि ती आमटी म्हणूनही खास नसते.

तसा हा प्रकार आपल्याला परका नाही. पुरणासाठी हरभराडाळ शिजवल्यावर निथळून काढलेल्या पाण्याची, म्हणजे येळवणीची आमटी आपल्याकडे होते. पलीकडे कर्नाटकात त्याच पाण्याचं होळिगे सारू करतात. जत तालुक्यातल्या कन्नड बोलणाऱ्या घरांना सारू नवं नाही. कन्नडमधलं सारू, तेलुगूतलं चारू, तमिळनाडूतलं रसम आणि आपलं टोमॅटोचं किंवा आमसुलाचं सार ही सगळी जवळची भावंडं. इंग्रज अमदानीत ‘मुलगटानी’ नावाचं जे सूप तयार झालं, त्याचं नाव तमिळ ‘मिळगु तण्णी’वरून आलं, आणि मिळगु तण्णी म्हणजे मिऱ्याचं पाणी. मिरची आपल्याकडे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. त्याआधी दक्षिणेत तिखटाचं काम मिरीच करत होती, आणि रसममध्ये आजही तीच पुढे असते. म्हणून कांदा-लसूण मसाल्याचा डबा आज फळीवरच राहू द्या. त्यातला कांदा, खोबरं आणि तीळ रसम दाट करतात आणि मिऱ्याचा वास दाबून टाकतात.

चौघांसाठी, साधारण एक लिटर

चमचा म्हणजे चहाचा सपाट चमचा (५ मिली) आणि वाटी म्हणजे आमटीची मध्यम वाटी (१५० मिली) धरली आहे.

तूरडाळ ५० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या वाटीला थोडी कमी
चिंच २० ग्रॅम, चिंचोके आणि शिरा काढून (लहान लिंबाएवढा गोळा)
पिकलेले लाल टोमॅटो २ मध्यम, १५० ते २०० ग्रॅम
रसम पूड २ चमचे (कृती खाली)
काळे मिरे १ चमचा, जिरे १ चमचा, लसूण ६ पाकळ्या
हळद पाव चमचा, मीठ साधारण दीड चमचा
कढीपत्त्याच्या २ काड्या, मूठभर कोथिंबीर देठांसकट
गूळ चिंचोक्याएवढा, तोही हवा असेल तरच
फोडणीला साजूक तूप २ चमचे, मोहरी १ चमचा, लाल मिरच्या २, हिंग

चिंच

आपल्याकडे वर्षाची चिंच फोडून, मीठ लावून बरणीत भरून ठेवतात. रसम खारट होण्याचं पहिलं कारण तिथेच असतं. बरणीतली चिंच वापरत असाल तर सुरुवातीला एकच चमचा मीठ घाला आणि उरलेलं शेवटी चाखून. उन्हाळ्याच्या तोंडाला बाजारात येणारी नवी चिंच तांबूस आणि चटकन आंबट असते, ती २० ग्रॅम पुरते. वर्षभर मुरलेली काळी चिंच चवीला सौम्य होते, ती २५ ग्रॅम लागते आणि रसमचा रंगही काळपट येतो. रंग सुरेख हवा असेल तर नवी चिंच घ्या.

चिंच एक वाटी गरम पाण्यात २० मिनिटं भिजवा. हाताने चांगली कुस्करून कोळ काढा, गाळा, चोथ्यावर पुन्हा एक वाटी पाणी घालून कुस्करा, आणि तिसऱ्यांदाही तेच करा. तीन वाट्या पातळ कोळ झाला पाहिजे. एकाच वेळी तीन वाट्या पाणी ओतून कोळ काढला तर बराचसा आंबटपणा चोथ्यातच राहतो. गाळणीवर चोथा दाबून दाबून घासू नका. बारीक रेषा आणि सालीचा तुरटपणा खाली उतरतो.

डाळीचं पाणी

तूरडाळ धुऊन अर्धा तास भिजवा, दोन वाट्या पाणी आणि दोन थेंब तेल घालून कुकरच्या डब्यात ४ शिट्ट्या करा. घरी बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर डाळ शिजायला ते आडवं येतं: वरून शिजलेली दिसते, आत कणी राहते. अशा वेळी पिण्याचं गाळलेलं पाणी वापरा आणि भिजवण्याचा वेळ एक तास करा. खाण्याचा सोडा मात्र टाकू नका. सोड्याने डाळ लगेच मऊ होते, पण तो चिंचेचा आंबटपणा मारतो आणि रसमला साबणासारखी चव येते. चिंच किंवा टोमॅटो डाळीबरोबर कुकरला लावणं हीसुद्धा चूक आहे. आंबट पाण्यात डाळ लवकर मऊ होत नाही.

शिजलेली डाळ रवीने घोटा, तीत तीन वाट्या गरम पाणी घाला आणि दहा मिनिटं हात न लावता ठेवून द्या. खाली साका बसतो, वर पिवळसर निवळ राहते. ही निवळ हलक्या हाताने ओतून घ्यायची. मोजून चार वाट्या हवी. कमी भरली तर साक्यावर थोडं गरम पाणी घालून पुन्हा निवळ काढा. थोडी डाळ बरोबर आली तर बिघडत नाही, दोन चमचे आलेलीच बरी, कारण तिच्याशिवाय रसम अगदीच पाणचट लागतं. पण सगळी डाळ ओतली की आमटी झाली. उरलेला साका वाया जात नाही: मीठ, हिंग, हळद घातली की मुलांच्या भातापुरतं वरण तयार.

रसम पूड

पुडीचं पाकीट बाजारात मिळतं आणि त्यानेही काम भागतं. पण घरच्या पुडीत मिऱ्याचं प्रमाण आपल्या हातात राहतं, आणि अर्ध्या तासाच्या कामात महिन्याभराची सोय होते.

धने ५० ग्रॅम, तूरडाळ १५ ग्रॅम, काळे मिरे १५ ग्रॅम, जिरे १५ ग्रॅम, लाल मिरची १५ ग्रॅम, मेथीदाणे अर्धा चमचा, कढीपत्त्याची मूठभर पानं. मिरची ब्याडगी घ्या. तिखट कमी आणि रंग जास्त, आणि इथे मिरचीकडून रंगच हवा आहे. झणका वाढवायचा असेल तर त्यात दोन संकेश्वरी टाका, त्याहून जास्त नको.

सगळं वेगवेगळं, मंद आचेवर, तेलाशिवाय भाजायचं. एकत्र भाजलं की जिरे करपतात आणि डाळ कच्ची राहते. डाळ तांबूस होईपर्यंत ४-५ मिनिटं, धने खमंग वास येईपर्यंत ३ मिनिटं, मिरे एक-दोन फुटेपर्यंत, मिरच्या फुगून कुरकुरीत होईपर्यंत, कढीपत्ता हातात चुरला जाईपर्यंत. जिरे सर्वांत शेवटी, तापलेल्या कढईत, गॅस बंद करून. मेथीवर नजर ठेवा. ती बदामी झाली की लगेच काढायची. तपकिरी झालेली मेथी अख्ख्या पुडीला कडवट करते आणि त्यावर इलाज नाही, दाणे फेकून नवीन भाजावे लागतात. सगळं पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलं की भांडं तापतं आणि वास तिथेच उडतो. पूड रव्यासारखी भरड राहू द्या. पिठासारखी बारीक केली तर रसम गढूळ होतं आणि तळाशी चिखलासारखा थर बसतो. हवाबंद बाटलीत महिनाभर चांगली राहते. त्यानंतर खराब होत नाही, पण वास उतरतो आणि मग लोक चमचे वाढवत जातात.

मिरे, जिरे, लसूण

पूड कितीही चांगली असली तरी मिऱ्याचा ताजा वास तिच्यातून येत नाही. मिऱ्याचा तिखटपणा टिकाऊ असतो, पण त्याचा सुवास देणारी तेलं कुटल्यापासून उडायला लागतात. म्हणून एक चमचा मिरे आणि एक चमचा जिरे रसम शिजत असताना, ऐन वेळी खलबत्त्यात घ्या.

आधी मिरे एकटे कुटा. एका दाण्याचे चार-पाच तुकडे व्हावेत, काळी साल आणि आतला पांढरा गर वेगवेगळा दिसावा, इथपर्यंतच. मग जिरे घालून दोन-तीन घाव. शेवटी लसणाच्या पाकळ्या सालीसकट टाकून ठेचा. ठेचताना सुटलेला लसणाचा रस मिऱ्याच्या तुकड्यांना लागतो आणि मिश्रण ओलसर, गोळा न होणारं असं दिसतं. मिक्सरमध्ये या तिघांची पेस्ट करू नका. पेस्ट रसममध्ये विरघळते आणि प्रत्येक घोट घशाला सारखाच लागतो. भरड असली की एखादा तुकडा दाताखाली येतो, आणि रसमची खरी गंमत त्यातच आहे.

चुलीवर

चिंचेचा कोळ पातेल्यात घ्या. टोमॅटो बारीक चिरून घालू नका. एक कोळातच हाताने कुस्करा आणि दुसऱ्याच्या आठ फोडी करून टाका. मिक्सरला लावलेल्या टोमॅटोत बिया दळल्या जातात, चव किंचित कडसर होते आणि रसम दाटही होतं. हळद, मीठ, कढीपत्त्याची एक काडी आणि कोथिंबिरीचे ठेचलेले देठ घाला. पानांपेक्षा देठांत वास जास्त धरून ठेवलेला असतो आणि ते उकळण्याला दाद देत नाहीत.

हळद पाव चमचाच. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद ज्या गावात घरोघर आहे, तिथे हात सैल सुटणं साहजिक आहे, पण जास्त हळदीने रसम कडू होतं आणि मिऱ्यावर मातकट वास चढतो. ती कोळात सुरुवातीलाच पडली पाहिजे, म्हणजे कच्ची राहत नाही.

आता मध्यम आचेवर झाकण न ठेवता १० ते १२ मिनिटं उकळा. इथे मनसोक्त उकळी येऊ द्या, कारण चिंचेचा उग्र, कच्चा वास जाण्याची हीच वेळ आहे. पुढे संधी नाही. सुरुवातीला वाफेत एक तीक्ष्ण, नाकात जाणारा आंबट वास येतो. आठव्या-नवव्या मिनिटाला तो गोडसर होतो, टोमॅटोच्या साली सुटून वर येतात, फोडी मऊ पडतात. घाई करून या आधी डाळीचं पाणी ओतलं तर तो कच्चा वास अखेरपर्यंत राहतो. ‘चिंच नीट लागली नाही’ असं जे म्हणतात, ते बहुतेक वेळा प्रमाण चुकल्याने नसतं, वेळ कमी पडल्याने असतं.

आठव्या मिनिटाला रसम पूड घाला, दहाव्याला मिरे-जिरे-लसणाची भरड. पूड थेट उकळत्या पाण्यात टाकली की गुठळ्या होतात. दोन चमचे कोळात कालवून मग ओता. गूळ घालायचा असेल तर आत्ताच. चिंचोक्याएवढा खडा आंबटपणाची धार बोथट करण्यापुरता असतो. गोडी जाणवली तर गूळ जास्त झाला. ऊसपट्ट्यातल्या हाताला हे जड जातं, पण कटाक्षाने पाळा.

बाराव्या मिनिटाला आच मंद करा आणि डाळीची निवळ सगळी एकदम ओता. ती गरमच असू द्या, गार असली तर पातेलं पुन्हा तापायला फार वेळ लागतो आणि तेवढ्यात मसाला जास्त शिजतो. एकदा डाव फिरवा, मग हलवणं बंद.

यापुढची पाच-सहा मिनिटं पातेल्यासमोरून हलू नका. सुरुवातीला काहीच होत नाही. मग पातेल्याच्या कडेला मोहरीएवढे पिवळट बुडबुडे धरायला लागतात, एक, दोन, मग पूर्ण गोल कडं. ते कडं आत सरकत येतं. टोमॅटोच्या फोडी, कढीपत्ता, मिऱ्याचे काळे कण सगळे त्या फेसावर तरंगत मध्याकडे ढकलले जातात. पृष्ठभाग साय धरल्यासारखा एकसंध होतो आणि हळूच वर फुगतो. मध्ये अजून खळबळ नसते. नेमक्या या क्षणी गॅस बंद. बारीक चिरलेली कोथिंबीर त्या फेसावर टाका आणि झाकण ठेवा.

हा फेस डाळीतल्या प्रथिनांमुळे धरतो आणि तो वासाला झाकणासारखा आत अडवून ठेवतो. उकळी फुटली की फेस मोडतो, वाफेबरोबर मिऱ्याचा आणि कोथिंबिरीचा वास स्वयंपाकघरभर पसरतो, आणि वाटीत उरत नाही. घरभर घमघमाट सुटला म्हणजे रसम छान झालं, हा समज चुकीचा आहे. तो घमघमाट पातेल्यात राहायला हवा होता. शिवाय डाळीची निवळ खळखळून उकळली की पाणी आणि कण वेगळे होतात आणि रसम फुटल्यासारखं दिसतं.

फोडणी

फोडणी शेवटी, वरून. साजूक तूप कढल्यात तापवा, मोहरी टाका, ती पूर्ण तडतडून शांत झाली की मोडलेल्या लाल मिरच्या, मग कढीपत्त्याची उरलेली पानं, आणि गॅस बंद करून हिंग. खडा हिंग असेल तर तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा तुकडा आधी तुपात फुलवून घ्या. पुडीचा हिंग पाव चमचा पुरतो. करपलेला हिंग कडू असतो आणि हिंगाचा कडूपणा मेथीइतकाच हट्टी आहे.

शेंगदाणा तेलाची फोडणी आपल्या सवयीची, पण त्याचा स्वतःचा वास इथे आड येतो, आणि गार होताना पातळ पाण्यावर तेलाचे ठिपके वेगळे दिसत राहतात. तूप नको असेल तर तमिळ घरांत वापरतात तसं तिळाचं तेल घ्या. चरचरीत फोडणी ओतली की लगेच झाकण लावा आणि वाढण्याआधी दहा मिनिटं हात लावू नका. या दहा मिनिटांत साका खाली बसतो, वर निवळ येते आणि लसणाची धार मऊ होते.

भांडं कोणतं

तमिळनाडूत जुन्या घरांत रसमसाठी कथलाचा लोटा असतो. कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे तो लोटा रिकामा चुलीवर ठेवायचा नसतो, आत पाणी असतानाच तापवायचा. आपल्याकडे तसं भांडं नसलं तरी कल्हई केलेलं पितळी पातेलं अनेक घरांत माळ्यावर आहे, आणि कल्हई म्हणजे कथलाचाच थर. कल्हई शाबूत असेल तर ते उत्तम. ती कुठे उडाली असेल तर चिंचेचं पाणी त्यात कळकतं, चव बिघडते आणि ते पोटातही जाऊ नये. अॅल्युमिनियमचं पातेलं आणि लोखंडी कढई दोन्ही टाळा. आंबटाने अॅल्युमिनियमला चव सुटते, लोखंडात रसम काळं पडतं. रोजच्या वापराला जाड बुडाचं स्टीलचं पातेलं बरं. ते दोन लिटरचं घ्या, कारण एक लिटर रसमला फेस फुगायला वर जागा लागते.

बिघडलं तर

फार आंबट झालं तर साखर घालून झाकू नका, चव चमत्कारिक होते. एक वाटी गरम पाणी किंवा उरलेली निवळ घाला, मीठ पुन्हा बघा, आणि फेस येईपर्यंतच तापवा. मिऱ्याचा झणका जास्त झाला तर वाढताना भातावर तूप वाढवा. मिऱ्याचा तिखटपणा पाण्यात नीट विरघळत नाही, तुपात विरघळतो, त्यामुळे पाणी वाढवून फारसा उपयोग होत नाही. खारट झालं तर बटाटा टाकण्याच्या भानगडीत पडू नका, पाणी आणि थोडा कोळ वेगळा उकळून त्यात मिसळा.

रसम सपक लागतंय, म्हणजे मीठ, आंबट, तिखट सगळं आहे पण जीव नाही, असं असेल तर दोनच शक्यता: निवळ पडल्यावर ते उकळलं, किंवा पूड जुनी होती. अर्धा चमचा मिरे-जिरे ताजे कुटा, एक चमचा तुपात दहा सेकंद परता आणि वरून ओता. पूर्ण जागेवर येणार नाही, पण जेवणापुरतं सावरतं. दाट झालं असेल तर पाच मिनिटं ठेवून वरची निवळ वेगळ्या भांड्यात काढा आणि तेवढीच वाढा.

कडू झालं असेल तर आधी फोडणी आठवा. फोडणी करपली असेल तर वरचा तवंग डावाने काढून टाकता येतो. मेथी किंवा हळदीचा कडूपणा मात्र आत उतरलेला असतो, तो निघत नाही.

हुलग्याचं रसम

माण-खटावकडे, जत-आटपाडीकडे हुलगा जुना आणि त्याचं माडगं माहीत नाही असं घर विरळा. तमिळनाडूत हुलग्याला कोळ्ळु म्हणतात, त्याचं रसम करतात, आणि कर्नाटकातही हुरळी सारू होतं. आपल्या भागात मुद्दाम शिकून घ्यावं असं रसम हेच, कारण सामान दारातलं आहे.

हुलगे १०० ग्रॅम. हुलग्यात खडे असतात, निवडून भागत नाही, पाण्यात रोळून घ्यावे लागतात. ८ ते १० तास भिजवा, पाणी बदलून सहा वाट्या पाण्यात ७-८ शिट्ट्या करा, मग मंद आचेवर आणखी दहा मिनिटं. साधारण चार वाट्या तांबूस-तपकिरी पाणी निघतं. डाळीच्या निवळीऐवजी हेच घ्या. हुलग्याचं पाणी मुळात तुरट असतं, म्हणून चिंच निम्मी, १० ग्रॅम, आणि टोमॅटो एकच. मिरे दीड चमचा आणि लसूण १० पाकळ्या, कारण हुलग्याचा मातीसारखा वास लसणाशिवाय आवरत नाही. शिजलेले दोन चमचे हुलगे मिऱ्यांबरोबर ठेचून घातले की रसमला अंग येतं. इथे उकळीचं पथ्य थोडं सैल: हुलग्याचं पाणी पडल्यावर तीन-चार मिनिटं मंद उकळलं तरी चालतं, नव्हे, उकळावंच, नाहीतर कच्चट लागतं. उरलेल्या हुलग्यांची कांदा घालून उसळ करा.

बाकीचे प्रकार थोडक्यात. मिळगु रसममध्ये डाळ आणि टोमॅटो नसतात, चिंच, दोन चमचे मिरे, जिरे, लसूण आणि तूप. सर्दीच्या दिवसांत लोक हेच मागतात, गरम वाफेने आणि मिऱ्याने नाक मोकळं वाटतं. ते औषध नव्हे, पण आराम पडतो. लिंबाच्या रसममध्ये चिंच वगळतात आणि गॅस बंद करून तीन मिनिटांनी एका लिंबाचा रस पिळतात. लिंबू उकळलं की कडू होतं. म्हैसूरच्या रसममध्ये मसाला तुपात परतून ओल्या नारळाबरोबर वाटतात. चवीला सुरेख, पण ते त्याच दिवशी संपवा, नारळामुळे लवकर आंबतं.

वाढताना आणि उरलं तर

रसमसाठी मोकळा, फडफडीत भात नको. कोलम किंवा सोना मसुरी नेहमीपेक्षा अर्धी वाटी जास्त पाणी घालून मऊ शिजवा. इंद्रायणीचा चिकटपणा रसम ओढून घेतो आणि ताटात खीर होते. भात गरम असतानाच ताटात बोटांनी मोडा, एक चमचा तूप, मग मधोमध खळगा करून दोन डाव रसम. तमिळ जेवणात भाताचे टप्पे असतात, आधी सांबार-भात, मग रसम-भात, शेवटी दही-भात. आपल्या ताटात रसम एकटंच असेल तर शेजारी बटाट्याची काचऱ्यांची भाजी आणि भाजलेला पापड पुरतो. नुसतं प्यायचं असेल तर पातेलं न हलवता वरची निवळ पेल्यात घ्या. जेवताना घेताना मात्र डाव तळापासून एकदा फिरवून घ्यावा, मिरे खालीच बसलेले असतात.

उरलेलं रसम फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं. गरम करताना पुन्हा तोच नियम: कडेला बुडबुडे धरले की बंद. सगळं पातेलं गरम करण्यापेक्षा हवं तेवढंच काढून गरम करा, दर तापवण्यागणिक वास कमी होतो. तळाशी शेवटी जो साका उरतो त्यात मिरे, डाळ, टोमॅटो सगळं असतं. तो संध्याकाळच्या आमटीत घाला, आणि त्या आमटीला मीठ अर्धंच टाका.